झिंबाब्वेतील दोन भूमिहरणे आणि अन्नपुरवठा

(१) विषयाची मांडणी

सरकारने शेतकऱ्याची जमीन काढून घेतली की देशातील धान्य घटते, हे विधान वरवर पाहता इतके सरळ वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने असल्या सरळ विधानांपाशीच अधिक काळ थांबले पाहिजे. जमीन कोणाची होती, ती कोणत्या कायद्याच्या आधाराने व वर्षाच्या कोणत्या हंगामात घेतली गेली, पुढे ती कोणाच्या हाती गेली, आणि ज्याच्या हाती गेली त्यास बियाणे, बैल, कर्ज व बाजार यांपैकी काय लाभले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून भूमिहरण आणि अन्नटंचाई यांमधील कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.

या दृष्टीने आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. या एकाच भूमीवर सुमारे एका शतकाच्या अंतराने दोन भूमिहरणे घडून आली. १८९० नंतरच्या चार दशकांत आफ्रिकी शेतकऱ्यांच्या जमिनी गोऱ्या वसाहतकारांकडे गेल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत त्या गोऱ्या शेतमालकांकडून काढून घेऊन आफ्रिकी कुटुंबांस वाटण्यात आल्या. या विषयावरील लेखनात बहुधा एकाच भूमिहरणाचा विचार केलेला आढळतो. दुसऱ्याचे दुष्परिणाम सांगणारे लेखक पहिल्याचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकतात, तर दुसऱ्याचे समर्थन करणारे लेखक पहिल्याच्या अन्यायाचे सविस्तर वर्णन करून दुसऱ्याच्या परिणामांकडे डोळेझाक करतात. प्रस्तुत निबंधात दोहोंचा एकत्र विचार करून, दोन्ही वेळी अन्नपुरवठ्यावर परिणाम घडवून आणणारी कारणे कितपत सारखी होती, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

(२) पहिले भूमिहरण

१८८८ साली न्डेबेले राजा लोबेंगुला याच्याकडून खनिजांसंबंधी मिळविलेल्या सवलतीच्या आधारावर सेसिल ऱ्होड्स याने १८८९ मध्ये ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीसाठी राजसनद मिळविली. पुढील वर्षी कंपनीचे सशस्त्र पथक माशोनालँडमध्ये शिरले. या पथकातील प्रत्येक इसमास तीन हजार एकर जमिनीचे आश्वासन देण्यात आले होते. मूळ सवलत खनिजांपुरती होती, जमिनीचा तीत समावेश नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. १८९३ च्या युद्धात न्डेबेले राज्य मोडल्यानंतर त्या लोकांसाठी ग्वाई आणि शांगानी ही दोन राखीव क्षेत्रे ठरविण्यात आली. ती रुक्ष व वस्तीस अयोग्य होती. १८९६-९७ मध्ये न्डेबेले व शोना या दोन्ही समाजांनी केलेल्या उठावामागे जमीन, गुरे आणि वेठीची मजुरी ही तिन्ही कारणे होती.

या अपहरणास कायद्याचे अंतिम अधिष्ठान १९१८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयाने मिळाले. कोणासही देण्यात न आलेली जमीन कंपनीची की मूळ रहिवाशांची, असा प्रश्न कौन्सिलपुढे होता. ती दोघांचीही नसून ब्रिटिश राजसत्तेची आहे, असा निर्णय झाला. पिढ्यानपिढ्या जमीन कसणारा शेतकरी अशा रीतीने आपल्याच शेतावर सरकारच्या मर्जीने राहणारा ठरला. पुढे १९३० च्या भूमिविभाजन कायद्याने देशाची वांशिक वाटणी पक्की झाली. सुमारे पन्नास हजार गोऱ्यांच्या वाट्यास जवळजवळ निम्मा देश, म्हणजे सुमारे चार कोटी नव्वद लाख एकर आला. दहा लाखांच्या आसपास असलेल्या आफ्रिकी रहिवाशांसाठी राखीव क्षेत्रांत सुमारे दोन कोटी वीस लाख एकर जमीन राहिली आणि त्याशिवाय खरेदीसाठी म्हणून एक लहानसा पट्टा ठेवण्यात आला.

केवळ एकरांची बेरीज करून या वाटणीचे स्वरूप कळत नाही. या देशात पर्जन्यमानानुसार पाच नैसर्गिक विभाग मानले जातात. दुसऱ्या विभागात वर्षास साडेसातशे ते एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मका चांगला येतो. पाचव्या विभागात तो साडेचारशेच्याही खाली जातो आणि तेथे गुरे राखणेच शहाणपणाचे ठरते. रेल्वेमार्ग आणि शहरे यांच्या लगतचा, चांगल्या पावसाचा पठारी प्रदेश मुख्यतः गोऱ्यांकडे गेला. राखीव क्षेत्रांचा बराच मोठा भाग चौथ्या व पाचव्या विभागांत पडला. त्यामुळे आफ्रिकी शेतकऱ्याने जमिनीबरोबर पाऊस आणि बाजारपेठही गमावली.

(३) बाजाराचे हरण

पहिल्या भूमिहरणाचा अन्नपुरवठ्यावर काय परिणाम झाला? येथे अभ्यासकास प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटेल अशी गोष्ट आढळते. वसाहतीच्या आरंभीच्या वर्षांत खाणी, छावण्या आणि नव्या शहरांस धान्य पुरविणारा शेतकरी प्रामुख्याने आफ्रिकी होता. रॉबिन पामर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऱ्होडेशियातील जमीन व वांशिक वर्चस्व यांवरील ग्रंथात या काळातील आफ्रिकी शेतकऱ्यांच्या भरभराटीचे आणि पुढील ऱ्हासाचे सविस्तर चित्र रेखाटले आहे. गोऱ्या वसाहतकारांपैकी बहुतेकांचे लक्ष तेव्हा सोन्याकडे होते. ते सोने अपेक्षेइतके सापडेना, तेव्हा १९०८ च्या सुमारास कंपनीने गोऱ्या शेतीस उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले आणि मग आफ्रिकी शेतकरी हा पुरवठादार न राहता प्रतिस्पर्धी ठरला.

या प्रतिस्पर्ध्यास दूर सारण्यासाठी केवळ जमीन काढून घेणे पुरेसे नव्हते. राखीव क्षेत्रांतूनही मका बाजारात येतच होता. जागतिक मंदीत भाव कोसळल्यावर १९३१ मध्ये मका नियंत्रण कायदा करण्यात आला व १९३४ मध्ये तो अधिक कडक झाला. या व्यवस्थेत देशांतर्गत बाजारातील चढ्या भावाचा लाभ मुख्यतः गोऱ्या उत्पादकांस मिळे आणि आफ्रिकी शेतकऱ्याच्या पदरी बहुधा निर्यातीचा पडता भाव येई. खेड्यातील शेतकऱ्याने आपला मका दुकानदारास देऊन त्याच्या बदल्यात कापड व मीठ घ्यावे, आणि दुकानदाराने खालचा भाव लावावा, ही नित्याची गोष्ट झाली. झोपडीपट्टी भरण्यासाठी रोख पैसा हवा, आणि धान्यातून तो येत नाही, अशा स्थितीत घरातील तरुण खाणींत किंवा गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीस गेले. गोऱ्या शेतीस हवे असलेले मनुष्यबळ अशा रीतीने तिला मिळाले. (येथे झोपडीपट्टी हा शब्द प्रत्येक झोपडीवर आकारल्या जाणाऱ्या कराच्या अर्थी घ्यावयाचा आहे.)

राखीव क्षेत्रांत माणसे व गुरे वाढत गेली आणि जमिनीचा कस उतरत गेला. या ऱ्हासाचे खापर सरकारने शेतकऱ्यांच्या अज्ञानावर फोडले. १९५१ च्या देशी भूसंवर्धन कायद्याने प्रत्येक कुटुंबाची शेतजमीन मोजून दिली आणि गुरांच्या संख्येवर बंधन घातले. नांगराचे बैल सक्तीने विकावे लागलेल्या शेतकऱ्यांत या कायद्याने इतका असंतोष पसरला की १९६० नंतर लवकरच त्याची अंमलबजावणी सोडून द्यावी लागली. तथापि त्या असंतोषातून राष्ट्रीय चळवळीस खेड्यापाड्यांत अनुयायी मिळाले. १९६५ मधील एकतर्फी स्वातंत्र्यघोषणा, १९६९ चा भूधारणा कायदा आणि १९७९ पर्यंत चाललेले सशस्त्र युद्ध हा पुढील इतिहास सर्वपरिचित आहे.

या काळात देशातील एकूण धान्योत्पादन घटले, असे मात्र म्हणता येत नाही. गोऱ्या शेतीस सरकारी कर्ज, संशोधन, रस्ते, धरणे आणि हमीचा भाव यांचे पाठबळ मिळाले. १९६० मध्ये तेथील संशोधन केंद्राने प्रसारित केलेले एस. आर. ५२ हे मक्याचे संकरित वाण जगभर नावाजले गेले. देशाचे कोठार भरलेले होते आणि राखीव क्षेत्रांतील मुले कुपोषित होती. भूमिहरणाचा परिणाम राष्ट्रीय उत्पादनाच्या आकड्यांत शोधणाऱ्यास पहिले भूमिहरण निरुपद्रवी वाटेल. तो परिणाम घराघरांतील कणगीत शोधावा लागतो.

(४) मध्यंतर : १९८० ते १९९९

१८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा सुमारे सहा हजार गोऱ्या शेतमालकांकडे दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमीन होती. लँकेस्टर हाऊस येथील १९७९ च्या करारान्वये पहिली दहा वर्षे मालमत्तेच्या हक्कास घटनात्मक संरक्षण मिळाले; विकू इच्छिणाऱ्याकडून रोख भाव देऊन जमीन घेणे हाच मार्ग सरकारपुढे मोकळा होता. १ लाख ६२ हजार कुटुंबांचे पुनर्वसन करण्याचे उद्दिष्ट १९८२ मध्ये जाहीर झाले; परंतु पहिल्या दशकाअखेर सुमारे ५२ हजार आणि शतकाअखेर सुमारे ७० हजार कुटुंबांसच जमीन मिळाली होती. ब्रिटनने पुरविलेला निधी अपुरा होता, विक्रीस येणारी जमीन बहुधा हलकी होती, आणि सत्ताधाऱ्यांचा उत्साहही पहिल्या काही वर्षांनंतर मावळला, ही तिन्ही कारणे विचारात घेतली पाहिजेत.

तथापि या दशकातील एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. पूर्वीच्या राखीव क्षेत्रांतील शेतकऱ्यांना, त्यांच्या जमिनीत फारशी भर पडली नसतानाही, सरकारने पीककर्ज, संकरित बियाणे, खत आणि धान्य विपणन मंडळाची जवळची खरेदी केंद्रे उपलब्ध करून दिली. स्वातंत्र्यापूर्वी बाजारात येणाऱ्या मक्यात या शेतकऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता; १९८० च्या दशकाच्या मध्यास तो निम्म्याच्या घरात पोचला. अज्ञानी म्हणून ज्यांची हेटाळणी झाली होती, त्यांनीच कर्ज व बाजार मिळताच चार-पाच हंगामांत देशाचे कोठार भरून दाखविले. या यशास मर्यादाही होत्या. विक्रीचा बराचसा मका चांगल्या पावसाच्या जिल्ह्यांतील सुस्थित कुटुंबांकडून आला. कोरड्या जिल्ह्यांत बालकांचे कुपोषण टिकून राहिले. आणि सरकारी पतसंस्थेची थकबाकी वाढत जाऊन दशकाच्या उत्तरार्धात कर्जवाटप आखडले. तरीही जमीन, पत व बाजार या तीन घटकांपैकी दोन सुधारले असता काय घडू शकते याचा हा पुरावा निर्विवाद आहे.

याच सुमारास मोठ्या गोऱ्या शेतांची पीकरचनाही बदलली होती. ती मक्याकडून तंबाखू, फुले, भाजीपाला आणि निर्यातीचे गोमांस यांकडे वळली होती. १९९९ मध्ये देशातील मक्याचा मोठा भाग लहान शेतकऱ्यांच्याच शेतांत पिकत होता. मोठ्या शेतांकडे राहिलेली कामे निराळी होती : पाटाच्या पाण्यावरील हिवाळी गहू, संकरित मक्याच्या बियाण्याची पैदास, अवर्षणाच्या वर्षीही ओलिताखाली हमखास येणारा थोडा मका, आणि धान्य आयात करण्याची वेळ आलीच तर त्यासाठी लागणारे परकीय चलन. हे श्रमविभाजन ध्यानात न घेतल्यास पुढील अनर्थाचा नीट उलगडा होत नाही.

(५) दुसरे भूमिहरण

१९९२ च्या भूसंपादन कायद्याने सक्तीच्या संपादनाचा अधिकार सरकारने घेतला होता. १९९७ मध्ये माजी सैनिकांच्या दबावाखाली त्यांस मोठी अनुदाने देण्यात आली व सुमारे दीड हजार शेते संपादनासाठी जाहीर झाली. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या घटनेच्या मसुद्यावर सार्वमत झाले. या मसुद्यात विनामोबदला संपादनाचे कलम होते. मतदारांनी मसुदा फेटाळला आणि लगोलग माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली शेतांवर चढाई सुरू झाली. एप्रिलमध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून जमिनीच्या मोबदल्याची जबाबदारी ब्रिटनवर टाकली. आपण केवळ विहिरी, इमारती अशा सुधारणांचे पैसे देऊ, अशी भूमिका सरकारने घेतली. जुलै २००० मध्ये जलद पुनर्वसन योजना अधिकृतपणे जाहीर झाली. २००५ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने संपादित जमीन थेट राज्याच्या मालकीची केली आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट बंद केली. दक्षिण आफ्रिकी विकास समूहाच्या न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २००८ मध्ये हा प्रकार वंशभेदमूलक व करारभंग करणारा ठरविला. त्याचा परिणाम एवढाच झाला की २०१० मध्ये सदस्य राष्ट्रांनी त्या न्यायाधिकरणाचेच काम स्थगित केले.

वाटप दोन प्रकारे झाले. पहिल्या प्रकारात लहान शेते व सामाईक कुरणे होती; ती सामान्य कुटुंबांसाठी होती. दुसऱ्या प्रकारात मध्यम व मोठी शेते होती. ती भांडवल असलेल्यांसाठी, म्हणजे व्यवहारात पुष्कळदा अधिकारी, सैनिकी वर्ग व पक्षाशी जवळीक असलेल्यांसाठी होती. एकंदर सुमारे ४,५०० शेतांवरील ७६ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन पहिल्या प्रकारातील जवळजवळ १ लाख ४५ हजार कुटुंबांस व दुसऱ्या प्रकारातील सुमारे वीस हजार व्यक्तींस मिळाली. सरकारनेच नेमलेल्या उतेते समितीच्या २००३ च्या अहवालानुसार पहिल्या प्रकारातील ९७ टक्के लोकांनी शेतांचा ताबा घेतला होता. दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण ६६ टक्के होते. ज्यांस जमिनीची निकड होती ते कुदळ-नांगर घेऊन आले. ज्यांस ती प्रतिष्ठेसाठी हवी होती त्यांच्यापैकी एक-तृतीयांश आलेच नाहीत.

या सर्व व्यवहारात एका वर्गाची दखल फारशी घेतली गेली नाही. मोठ्या शेतांवर तीन लाखांहून अधिक मजूर कामास होते. कुटुंबीयांसह ही संख्या अठरा-वीस लाखांच्या घरात जाते. त्यांतील अनेकांचे पूर्वज मलावी व मोझांबिक येथून आलेले होते, त्यामुळे ते परके मानले गेले. आणि मालकाच्या बाजूने मत देणारे म्हणून सत्ताधाऱ्यांचा त्यांच्यावर रोष होता. बियाण्याची पैदास, तंबाखूच्या भट्टीची आच, पंपाची दुरुस्ती यांचे ज्ञान मालकाइतकेच, किंबहुना अधिक, यांच्या हातांत होते. जमीनवाटपात त्यांतील फारच थोड्यांस वाटा मिळाला. पुष्कळांस घर व काम दोन्ही सोडावे लागले. शेती जाणणारा माणूस शेतातून उठविला गेला, हा या भूमिहरणाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग होय.

(६) अन्नपुरवठ्यावरील परिणाम

आता उत्पादनाकडे वळू. २००० मध्ये मक्याचे उत्पादन वीस लाख टनांहून अधिक होते. २००२ मध्ये ते सहा लाख टनांच्या आसपास आले. देशाची वार्षिक गरज अठरा ते वीस लाख टनांची होती. २००१-०२ च्या हंगामात पाऊस अपुरा पडला होता, आणि सरकारने टंचाईचे सर्व कारण अवर्षणात दाखविले. या स्पष्टीकरणाची परीक्षा घेण्यास १९९२ चे वर्ष उपयोगी पडते. त्या वर्षी शतकातील अत्यंत कडक अवर्षणांपैकी एक पडले व मक्याचे उत्पादन चार लाख टनांच्याही खाली गेले. परंतु पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, ते पुन्हा वीस लाख टनांवर आले. २००२ नंतर असे सावरणे घडले नाही. आंतरराष्ट्रीय अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीनुसार वीस लाख टनांचा टप्पा पुन्हा गाठण्यास २०१७ साल उजाडावे लागले. अवर्षणाने पीक बुडते. परंतु पाऊस परतल्यावरही पीक परतत नसेल, तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

मक्याचा मोठा भाग लहान शेतकरी पिकवीत होते आणि त्यांची जमीन कोणी घेतली नव्हती, हे वर सांगितलेच आहे. मग त्यांच्या शेतांतील मका का घटला? याचे उत्तर उपर्युक्त श्रमविभाजनात आहे. बियाण्याची पैदास मोठ्या शेतांवर होत असल्याने ती शेते मोडताच संकरित बियाण्याचा तुटवडा पडला. तंबाखूचे उत्पादन २००० मधील सुमारे २३.७ कोटी किलोंवरून २००८ मध्ये ४.८ कोटी किलोंवर उतरले, तेव्हा परकीय चलन आटले. खत, डिझेल आणि विजेचे सुटे भाग आयात करणे कठीण झाले. मोठ्या शेतमालकांची खरेदीखते बँकांकडे तारण होती. ती निरर्थक होताच बँकांची कर्जे बुडाली आणि एकूण ग्रामीण पतपुरवठा गोठला. नव्या धारकांस मिळालेला कागद हा सरकारने केव्हाही परत घ्यावा अशा स्वरूपाचा असल्याने त्यावर कोणी कर्ज देईना. अशा रीतीने ज्याच्या बांधाशी कोणी आले नव्हते, त्या शेतकऱ्याच्या हातूनही खत आणि बियाणे गेले.

गव्हाची कथा याहून सरळ आहे. हिवाळी गहू धरणे, पंप व तुषार सिंचनाच्या नळ्यांवर अवलंबून होता. जून २००२ मध्ये सुमारे २,९०० शेतमालकांना शेतीचे काम थांबविण्याचा व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घर सोडण्याचा आदेश झाला. तेव्हा गहू शेतात उभा होता आणि देशात टंचाई जाहीर झालेली होती. पुढे एका पंपावरचे शेत अनेक धारकांत वाटले गेले, तेव्हा विजेचे बिल कोणी भरावे व नादुरुस्त मोटार कोणी दुरुस्त करावी याचा निर्णय होईना. तांब्याच्या तारा व नळ्या चोरीस जाऊ लागल्या. गुरांची गत अशीच झाली. शेतांची कुंपणे तुटली, गुरे सरमिसळ झाली, लाळ-खुरकुताची साथ पसरली आणि २००१ मध्ये युरोपास होणारी गोमांसाची निर्यात थांबली.

या सर्वांवर सरकारच्या बाजारविषयक धोरणाने कळस चढविला. २००१ मध्ये मका व गहू यांच्या खरेदीविक्रीची मक्तेदारी धान्य विपणन मंडळास देण्यात आली. भाव सरकार ठरवी. चलनफुगवट्यात तो भाव शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत कवडीमोल होई. २००८ च्या जुलैमध्ये अधिकृत चलनवाढ २३ कोटी टक्क्यांवर पोचली होती. अशा स्थितीत शेतकरी घरापुरते पिकवू लागला, अथवा मका चोरट्या वाटेने सीमेपार नेऊ लागला, यात नवल नाही. धान्याच्या वाटपात राजकीय भेदभाव झाल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. आणि २००८ च्या निवडणुकीच्या धामधुमीत, जून ते ऑगस्टपर्यंत, स्वयंसेवी संस्थांच्या मदतकार्यास सरकारने बंदी घातली होती. २००९ च्या आरंभी देशातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या आंतरराष्ट्रीय अन्नमदतीवर अवलंबून होती. १९३१ च्या मका नियंत्रण कायद्याशी या मक्तेदारीचे साम्य उघड आहे. दोन्ही वेळी जमिनीच्या पाठोपाठ बाजारही सरकारने ताब्यात घेतला, आणि दोन्ही वेळी त्याची झळ लहान आफ्रिकी शेतकऱ्यास पोचली.

(७) नंतरचा काळ व मतभेद

येथेच थांबल्यास चित्र अपुरे राहील. इयन स्कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मस्विंगो प्रांतातील नव्या वसाहतींचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमीन मिळालेल्यांत सामान्य खेडूत व शहरातील गरीब बहुसंख्य आहेत, त्यांतील अनेकांनी स्वतःच्या बचतीतून विहिरी खोदल्या, गुरे घेतली, आणि शेती सर्वत्र ओसाड पडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मस्विंगो हा मुख्यतः कोरडा प्रांत असल्याने तेथील निष्कर्ष माशोनालँडच्या सुपीक पट्ट्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यांचा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तंबाखूच्या पुनरुत्थानाने या प्रतिपादनास बळकटी येते. २००४ पासून खरेदीदार कंपन्यांनी लहान शेतकऱ्यांशी करार करून त्यांस बियाणे, खत व उचल देण्यास आरंभ केला. २००९ मध्ये परकीय चलनाचा स्वीकार झाल्याने भाव स्थिर झाला. २०१४ मध्ये उत्पादन २१ कोटी किलोंच्या पुढे गेले, आणि २०२३ मध्ये २९.६ कोटी किलोंच्या आसपास पोचून २००० सालचा आकडा मागे पडला. हे पीक आता मुख्यतः लहान शेतकऱ्यांचे आहे. गव्हाचेही २०२२ मध्ये पावणेचार लाख टनांचे विक्रमी उत्पादन झाले. म्हणजे जमीन नव्या हातांत गेल्याने ती कायमची वांझ झाली, हे मत टिकत नाही. परंतु हेही खरे की या पुनरुत्थानास दहा-पंधरा वर्षे लागली, आणि त्या वर्षांची किंमत ज्यांनी उपाशी राहून मोजली ते बहुधा ना जुने मालक होते ना नवे अधिकारी. शिवाय करारातील उचल तंबाखूस मिळते, मक्यास सहसा मिळत नाही. त्यामुळे निर्यातीचे पीक सावरले तरी अन्नधान्य पावसावरच अवलंबून राहिले. २०२१ मध्ये मका सत्तावीस लाख टनांच्या आसपास पिकला; २०२४ च्या अवर्षणात तो एकदम खाली आला आणि एप्रिलमध्ये राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

जमिनीच्या हक्काचा प्रश्नही मिटलेला नाही. २०२० च्या जुलैमध्ये सरकारने माजी शेतमालकांशी सुधारणांपोटी साडेतीन अब्ज डॉलरांच्या भरपाईचा करार केला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जे आपण देणे लागतो असे म्हटले होते, ते देण्याचे वचन पुन्हा दिले. नव्या धारकांस तारण ठेवता येईल अशी मालकीपत्रे देण्याची योजना २०२४ च्या अखेरीस सुरू झाली. दोन्ही गोष्टी भूमिहरणाच्या वेळीच झाल्या असत्या तर पुढील कारणपरंपरा कितपत निराळी झाली असती, हा तर्काचा विषय आहे.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, भूमिहरणाचा अन्नपुरवठ्यावरील परिणाम जमिनीच्या एकरांत मोजता येत नाही. बियाणे, पत, पाणी, चलन आणि बाजार यांच्या जाळ्यातून तो पसरतो आणि ज्यांच्या जमिनीस हात लागला नाही त्यांनाही गाठतो. दुसरा असा की, झिंबाब्वेतील आफ्रिकी शेतकऱ्याने १९०० च्या सुमारास, १९८० नंतर, आणि २००९ नंतर तंबाखूच्या रूपाने, तीन वेळा बाजारासाठी भरघोस पिकवून दाखविले. तिन्ही वेळी त्यास बाजार खुला होता, आणि शेवटच्या दोन्ही वेळी हंगामापूर्वी पतही मिळाली होती. जेव्हा जेव्हा सरकारने बाजार आवळला, तेव्हा तेव्हा तो घरापुरत्या शेतीकडे परतला. तिसरा निष्कर्ष असा की, पहिल्या भूमिहरणाचा अन्याय खरा असल्यामुळे दुसऱ्याची पद्धत योग्य ठरत नाही, आणि दुसऱ्याची पद्धत अनर्थकारक असल्यामुळे पहिल्याचा अन्याय पुसलाही जात नाही.

१९८० ते १९९९ या काळात पुनर्वाटपाचे काम सावकाश परंतु विधियुक्त मार्गाने पूर्ण करण्याची संधी होती. ती ब्रिटनने, मोठ्या शेतमालकांनी आणि स्वतंत्र देशाच्या सरकारने, तिघांनीही आपापल्या परीने दवडली. दुसऱ्या भूमिहरणाचे मूळ शोधणाऱ्या अभ्यासकाने २००० च्या चढायांइतकेच लक्ष त्या वीस वर्षांतील अंदाजपत्रके, कर्जवाटपाचे ताळेबंद आणि जिल्हा कचेऱ्यांतील अर्ज यांकडे द्यावयास हवे. त्यांतील अर्जदारांपैकी अनेकांनी शेताची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य घालविले होते.